अकरा मासे, एकही डाग नाही

माझ्या मामाने चाळीस वर्षांत कुणाच्याही चेहऱ्यावर डाग राहू दिला नाही. तीळ, चामखीळ, मुरुम, देवीचे व्रण, घाईत दाढी केल्याच्या खुणा, कातडीवर जे जे म्हणून उगवतं ते त्याने फोटोतून स्वच्छ पुसून काढलं. आमच्या गावातली निम्मी माणसं ओळखपत्रावर स्वतःपेक्षा बरी दिसतात ती त्याच्यामुळे. आणि ओळखपत्र पुढे केलं की त्यांच्याकडे संशयाने बघितलं जातं तेही त्याच्यामुळेच.

त्याचा स्टुडिओ बंदर कचेरीच्या समोर, एका जिन्याखाली. आत एक फिरतं स्टूल, मागे पांढरा पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खिळ्यावर एक काळा कोट. कोटाला टाय कायमचा शिवलेला. गावातल्या तीन पिढ्या त्या एका कोटात नोकरीला लागल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'चेहरा आमच्यावर सोडा.' लोक बिचारे सोडत.

मामा मोजून चार वाक्यं बोलायचा. "हनुवटी वर. खांदे खाली. इकडे बघा. हसू नका." एवढ्या भांडवलावर त्याने आयुष्य काढलं. लग्न केलं नाही, म्हणजे जमलं नाही. स्थळं यायची, सोबत मुलीचा फोटो यायचा, आणि हा पठ्ठ्या तो फोटो दुरुस्त करून परत पाठवायचा. त्यातल्या चार मुलींची लग्नं त्याच फोटोंवर दुसरीकडे जमली.

त्याचे दोन नियम होते. डाग असलेला फोटो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, आणि स्वतःजवळ ठेवायचा तर मुळीच नाही. साफ केलेला फोटो तयार झाला की मूळचा नष्ट. "कुणाचं व्यंग आपल्या कपाटात कशाला?" असं तो म्हणायचा.

या नियमांचा सगळ्यात जास्त जाच झाला माझ्या आईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला. आईच्या उजव्या गालावर नखाच्या चंद्रासारखा एक व्रण आहे, चांगला बोटभर. लहानपणी पायरीवर पडले, असं ती सांगते. पण घरातल्या एकाही फोटोत तो नाही. एकदा बँकेतल्या माणसाने तिला अर्धा तास उभं केलं आणि विचारलं, "हा तुमच्या धाकट्या बहिणीचा फोटो आहे का?" आई तिथून निघाली ती तडक स्टुडिओत.

"मी कोण आहे ते आता मला माझ्या ओळखपत्राला विचारावं लागणार का रे?"

मामा खाली मान घालून कॅमेऱ्याची काच पुसत बसला. आईचा विषय निघाला की त्याला काच पुसायची आठवण व्हायची.

मी बंदर कचेरीत आवक-जावक बघते. कागद आला की शिक्का, गेला की शिक्का. तिथेच पुढचं सगळं रामायण सुरू झालं, आणि त्याचं पहिलं पत्र मीच टाईप केलं, हे आधीच कबूल करते.

आमच्याकडे एक संशोधक बाई आल्या होत्या. केस कायम ओले, कागद कायम ओले, त्यामुळे माझे शिक्के कायम फिसकटलेले. कचेरीत सगळे त्यांना मासेबाई म्हणत. बंदराबाहेरच्या पट्ट्यात वर्षातले तीन महिने व्हेल शार्क येतात, हा त्यांचा विषय. बारा मीटर लांबीचा मासा, बसएवढा. पण खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव, तेही तोंड उघडं टाकून, पृष्ठभागाशी संथ तरंगत. जगभर यांची संख्या घटत चालली आहे, असं बाई कळकळीने सांगत. आणि आता मोठ्या मालवाहू जहाजांचा नवा मार्ग नेमका त्याच पट्ट्यातून आखला जात होता. जहाजाचा पंखा आणि पृष्ठभागावर रमतगमत जेवणारा मासा यांची गाठ पडली तर काय होणार, हे सांगायला संशोधक लागत नाही.

निर्णय पाच जणांच्या समितीच्या हातात होता. अध्यक्षांनी अट घातली, निदान दहा वेगवेगळे मासे इथे येतात हे सिद्ध करा. "एकच मासा दहा वेळा फिरून जात असेल, तर त्याच्या हौसेपायी आम्ही जहाजं वळवायची का?" दहा भरले तर मार्ग वळेल, नाही भरले तर मासे आणि त्यांचं नशीब.

बाईंचा फोटोग्राफर ऐन वेळी कान सुजून अंथरुणाला खिळला. दुसरा आणावा तर कचेरीच्या नियमाप्रमाणे तो मान्यताप्राप्त यादीतलाच हवा. यादी काढली. यादीत एकच नाव. कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो काढतो म्हणून माझा मामा. त्याला बोलावण्याचं पत्र मी टाईप केलं.

"पाण्याखाली काढलेत कधी फोटो?" बाईंनी विचारलं.

"पावसाळ्यात स्टुडिओत गुडघाभर असतं," मामा म्हणाला.

बाईंनी डोळे मिटून घेतले, मग उघडले. अडला हरी म्हणतात तसं त्यांचं झालं होतं. त्यांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, फोटो डाव्या अंगाचा, कल्ल्यांच्या मागचा भाग नीट दिसेल असा. दोन, हे फोटो पुढे सभागृहातही लावायचे आहेत. "लोकांना हे प्राणी आवडले पाहिजेत, काका. आवडले, तरच वाचतील."

"प्रत्येकाची एक बाजू चांगली असतेच," मामा समजूतदारपणे म्हणाला. त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

अंघोळ सोडली तर मामाचा पाण्याशी संबंध नव्हता. त्याला नारिंगी जाकीट घातलं, तोंडात श्वासाची नळी दिली, कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक बोटवाल्याकडे. विहिरीतून घागर काढावी तसा तो मामाला ओढून घ्यायचा. मी कचेरीची प्रतिनिधी म्हणून बोटीवर, कारण प्रत्येक माशाची रजिस्टरमध्ये हजेरी लावायची होती.

पहिल्या दिवशी मामाने घरून डबलबेडची पांढरी चादर आणली. का, तर पार्श्वभूमी पांढरी हवी. बोटवाला आणि मी दोन बांबूंना धरून ती समुद्रात ताणून उभे. मासा आला, चादरीपाशी थांबला, तिच्याकडे जरा बघितलं आणि खालून निघून गेला. मामा वर आला, नळी काढली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "हलतो फार."

पण पाचव्या दिवशी काहीतरी बदललं. बोटवाल्याने ओढायला घेतलं तर मामाने दोर झटकला. मग आपल्या वेळेने वर आला आणि नळी काढली.

"अगं, चाळीस वर्षांत पहिलंच गिऱ्हाईक," तो मला म्हणाला. "हसू नका म्हणून सांगावं लागत नाही. आपणहूनच हसत नाही."

मीही एकदा चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं. खालून तो निघाला. आधी एक रुंद सरळ तोंड, मग अंग, मग अजून अंग, संपेचना. काळ्याशार पाठीवर पांढरे ठिपके, रांगोळीला आदल्या दिवशी घालून ठेवावेत तसे. मला भीती वाटली, आणि भीतीच्या पाठोपाठ माया वाटली. माणूस मी तशी तिरसट आहे, शिक्का मारतानाही कुणाकडे बघून हसत नाही. पण त्या दिवशी वाटलं की याला काही झालं तर मला सहन होणार नाही.

सात नंबरच्या मादीच्या पाठीवर तीन लांब कापलेल्या रेघा होत्या, एकीखाली एक. जहाजाच्या पंख्याच्या. मामा तिच्या बाजूने पोहला, म्हणजे ओढला गेला, आणि वर येऊन त्याने विचारलं, "हिला हे कुणी केलं?" बोटवाला म्हणाला, "नाव कुणाचं घेणार?" मामाने कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. समुद्राच्या मधोमध, ओल्या रुमालाने.

तीन आठवड्यांत अकरा मासे झाले. एक जास्तीचाच. कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर बाईंनी फोटो पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, एवढ्या जवळून कुणीच काढलेले नाहीत." मामाने कार्ड मागून घेतलं, म्हणाला, "छापून देतो. चार दिवस द्या." चांगलं काम झालं होतं, कुणाला नाही म्हणवेना.

चौथ्या दिवशी तो कचेरीत आला. अकरा पाकिटं, प्रत्येकात चार लहान प्रती आणि एक मोठी. बाईंनी पहिलं पाकीट उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडेपर्यंत त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

ठिपके नव्हते. एकाही माशावर एकही ठिपका नव्हता. अकरा गुळगुळीत, तुकतुकीत, काळेभोर मासे, नुकतेच साबण लावून धुतल्यासारखे. सात नंबरच्या पाठीवरच्या जखमाही भरून आल्या होत्या.

"वेळ लागला," मामा नम्रपणे म्हणाला. "एकेकाच्या अंगावर दीडदीडशे डाग. कुणी काही उपचार केलेले दिसत नाहीत."

"काका," बाई कसंबसं म्हणाल्या, "तेच तर होतं. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात. आपल्या बोटांचे ठसे असतात तसे. त्यावरूनच कोण कोण ते ओळखतात. म्हणून तर कल्ल्यामागची बाजू..." मग एकदम, "मूळचे फोटो कुठे आहेत?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मला त्याचा दुसरा नियम ठाऊक होता. मी कपाळाला हात लावला.

सुनावणी चार दिवसांवर होती. समुद्र खवळला होता, बोट जाणं शक्य नव्हतं. बाई ओरडल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्या पाकिटं एकावर एक रचत राहिल्या. मामा उभ्या उभ्या लहान झाला. जाताना एवढंच म्हणाला, "मी त्यांचं चांगलंच करायला गेलो हो."

दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी आई तिथे गेली, मला सोबत घेऊन. तिने शटर स्वतः वर केलं. मामा स्टुलावर पांढऱ्या पडद्यापुढे बसला होता, हनुवटी खाली, खांदे वर.

"ऊठ," आई म्हणाली. "जित्याची खोड आहे तुझी, आज नवीन नाही. केलंस ना, मग निस्तर. पुसताना बघितलं होतंस की आंधळ्यासारखं पुसलंस?"

मामाने मान वर केली. "बघितल्याशिवाय कसं पुसता येईल, ताई?"

"मग आठवत असेल."

मामा उठला, खणातून जुन्या काळचा रिटचिंगचा बारीक ब्रश काढला, पांढरा रंग घेतला, एक नंबरचा मोठा फोटो पुढ्यात ठेवला आणि पहिला ठिपका दिला. न थांबता दुसरा. मी बघतच राहिले. हा माणूस चेहरे विसरायचा, शेजाऱ्याला रस्त्यात ओळखायचा नाही, पण पुसलेला डाग विसरला नव्हता. चाळीस वर्षांतला एकही नाही.

संध्याकाळपर्यंत अकरा मासे पुन्हा ठिपक्यांचे झाले, सात नंबरच्या पाठीवरच्या तीन रेघांसकट. मासेबाई धावत आल्या. त्यांच्याकडे तीन नंबरच्या माशाचा आदल्या वर्षीचा एक फोटो होता, मामाने कधीच न पाहिलेला. त्यांनी तो शेजारी ठेवला आणि कल्ल्यामागचे ठिपके मोजले. अडतीसपैकी सदतीस जुळले. अडतिसावा बाईंच्या फोटोच्या फ्रेमच्या काचेवरची घाण निघाली.

सुनावणीत काय झालं हे मी लिहीत नाही, कारण इतिवृत्तात मीच लिहिलं आहे आणि ते कुणी वाचत नाही. पण थोडक्यात सांगते.

अध्यक्षांनी फोटो हातात घेतले. "हे ठिपके रंगवलेले आहेत."

"होय," बाई म्हणाल्या.

"आणि त्याआधी ते पुसले होते."

"होय."

"कुणी?"

मामा उभा राहिला. "दोन्ही मीच, साहेब."

जहाज कंपनीचा इंजिनियर मोठ्याने हसला. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "म्हणजे तुमच्या आठवणीवर विश्वास ठेवून आम्ही जहाजं वळवायची?"

मामा त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा हनुवटी वर करायला सांगणार. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा बावीस वर्षांचे होतात. कपाळावर सात मुरुम, हनुवटीवर दोन. उजव्या भुवईत चीर, दार लागलं म्हणालात. डाव्या कानाच्या पाळीखाली मोहरीएवढा तीळ. कोट माझा होता."

अध्यक्षांचा हात आपोआप कानाकडे गेला. शेजारचे सदस्य वाकून बघू लागले.

"तुम्हाला नाकाच्या शेंड्यावर चामखीळ होती," मामा त्या शेजाऱ्याला म्हणाला. "नंतर काढून घेतलीत. बरं केलंत." मग पलीकडच्या सदस्याला, "तुम्हाला गळ्यावर भाजल्याची खूण, म्हणून कायम कॉलर वर. बाई, तुमचं सांगत नाही."

"आभारी आहे," समितीतल्या बाई म्हणाल्या.

पाचही सदस्य स्वतःचा चेहरा चाचपत बसले होते. असं दृश्य मी कुठल्याही सभेत पाहिलेलं नाही. फक्त इंजिनियर हसत होता. "आणि माझं काय?" तो म्हणाला.

मामाने त्याला नीट न्याहाळलं. "तुमचं मी काहीच काढलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणून सगळं दिसतंय."

शेवटी ठरलं की समुद्र निवळला की समितीने स्वतः जाऊन बघायचं. अकरांपैकी एक जरी मासा चित्राबरहुकूम निघाला तर बाकीचे दहा धरून चालायचे. मग पाच सन्माननीय सदस्य नारिंगी जाकिटांत, ज्येष्ठतेप्रमाणे बोटीत रांगेत बसले. दोन तास काहीच नाही. मामाला घाम फुटला होता, मासेबाई नखं खात होत्या, मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याने हजर राहावं म्हणून मनापासून विनवत होते.

मग पाण्याखाली एक सावली लांबत गेली. मामा म्हणाला, "सात नंबर."

अध्यक्षांनी सात नंबरचं चित्र मांडीवर घेतलं. मासा बोटीला खेटून, डाव्या अंगाने, सावकाश निघाला. अध्यक्ष बोटाने मोजू लागले. "एकोणीस... वीस... हलतो फार." पण ठिपका चुकत नव्हता. त्रिकोणातले तीन, त्यांच्याखाली एक लांबट, शेपटीकडे जोडीने दोन. आणि मग पाठ वर आली आणि त्या तीन कापलेल्या रेघा आल्या, चित्रात होत्या तिथेच. अध्यक्षांनी मोजणं थांबवलं. ते चित्राकडे नाही, रेघांकडे बघत होते.

"हेही पुसलं होतंत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आधी तेच पुसलं होतं," मामा म्हणाला.

मार्ग वळला. त्या तीन महिन्यांत जहाजांना आता अडीच तासांचा फेरा पडतो, आणि कंपनीची तक्रारपत्रं माझ्याकडे येतात. मी त्यांवर फार सुंदर शिक्का मारते. पुढच्या वर्षी मामाने सगळे फोटो पुन्हा काढले, ठिपक्यांसकट, आणि ते सभागृहात लागले. सात नंबरपाशी लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्यानंतर आईच्या ओळखपत्राची मुदत संपली.

मी तिला स्टुडिओत घेऊन गेले. मामाने चारही वाक्यं म्हटली, तिने एकही ऐकलं नाही, फोटो निघाला. मग तो कॉम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर आईचा चेहरा मोठा झाला आणि उजव्या गालावर तो चंद्र. मामाचा हात सवयीने तिकडे गेला आणि थांबला. पुसायला हाताशी कॅमेऱ्याची काच नव्हती.

"पायरी नव्हती," तो एकदम म्हणाला. मला वाटलं, स्वतःशीच बोलतोय. "मी सात वर्षांचा होतो. डब्याचं पत्र्याचं झाकण. किती लांब उडतं ते बघायचं होतं. ताई मध्ये आली. घरात हिने सांगितलं, पायरीवर पडले." तो माझ्याकडे वळला. "ती पायरी म्हणजे मी."

मी आईकडे बघितलं. पन्नासच्या वर वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. माझ्या बापालाही सांगितलं नसेल.

"दरवेळी पुसतो," मामा म्हणाला. "आणि तू दारातून आत आलीस की परत असतो."

आई उठली, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि पडद्यावर स्वतःला बघितलं. आवाज मात्र नेहमीचाच, खडसावणारा.

"तुझ्याने झाला असेल. पण आता तो माझा आहे. उद्या अकराजणींत उभी राहिले तर मला कुणी ओळखायला नको का? राहू दे तो."

मामाने हात खाली घेतला. मशीन सुरू झालं आणि चार प्रती बाहेर आल्या. बोटभर व्रण, जसाच्या तसा. फॉर्मला तीन लागतात. त्याने तीन पाकिटात घालून माझ्या हातात दिल्या. चौथी त्याने फुंकर मारून वाळवली, आणि स्वतःच्या खिशात ठेवली.